औंढ्याला लायगो येतंय, मग तत्त्वज्ञानाचं काम संपलं का?

मांजराकाठ (लातूर)

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडियाची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २६०० कोटींची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या, त्यांतून धावणारा लेझर. मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरक. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. हा विषय निघाला की वर्गात एक सूर हमखास येतो: विज्ञान एवढं सगळं सांगतंय, तर तत्त्वज्ञान शिल्लक कशाला? पोरं हुशार आहेत, प्रश्न खोडसाळ नाही. म्हणून इथं सविस्तर मांडतोय.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन यंत्रांनी गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. ती कुणी पाहिली? कुणीच नाही. पडद्यावर एक रेघ थरथरली आणि त्यावरून एवढं मोठं विधान केलं गेलं. ते करायचा हक्क कुठून आला? डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथं आग आहे, हे आपल्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचं ठरलेलं उदाहरण. त्यावरचा चार्वाकांचा सवालही तितकाच जुना: आजवर जिथं धूर तिथं आग दिसली, पण न पाहिलेल्या ठिकाणीही तसंच असेल याची हमी कोण देतं? अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने स्वतःच्या वाटेने येऊन जवळपास हाच सवाल विचारला.

आता पाहा, ती दोन यंत्रं तीन हजार किलोमीटर अंतरावर ठेवलीत. एकाच्या जवळून ट्रक गेला तर तेवढंच हलेल. दोन्हीकडे सात मिलिसेकंदांच्या फरकाने एकाच आकाराची थरथर आली, तर ट्रकचं कारण टिकत नाही. चार्वाकाची शंका त्या यंत्राच्या मांडणीतच बसलेली आहे.

आइन्स्टाइनचंही तेच. १९०५ च्या सापेक्षतेच्या कामाआधी त्याने ह्यूम आणि अर्न्स्ट माख हे विचारवंत मन लावून वाचले होते, आणि त्यांचं ऋण त्याने पुढं स्पष्ट मान्य केलं. दोन घटना 'एकाच वेळी' घडल्या असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो? ही शंका कुठल्या प्रयोगशाळेने त्याच्यापुढं ठेवली नव्हती. सगळे जे गृहीत धरून चालले होते, तिथं तो थांबला.

माझं म्हणणं असं की, समोरचा प्रश्न मोजून सुटणारा आहे, माणसांनी मिळून ठरवायचा आहे, की कुणीही न सोडवता सोबत घेऊन जगायचा आहे, हे ओळखायला तत्त्वज्ञान शिकवतं. ते ओळखता आलं नाही तर मोजायचं तिथं माणूस भांडतो आणि ठरवायचं तिथं आकडे मागतो. ज्यांना आयुष्यात कधी नुसतं विज्ञान पुरलं नाही, त्यांनी जरूर लिहावं.

कोडवाला (मूळ नांदेड, सध्या पुणे)

सर, आदर ठेवून असहमत. अडीच हजार वर्षांत तत्त्वज्ञानाने एक तरी प्रश्न कायमचा सोडवला का? देव आहे का, आत्मा आहे का, मन शरीराहून वेगळं का, सगळं तिथंच अडकलंय. त्याच माणसाने विज्ञान हाती घेतलं आणि १९८० मध्ये देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर करता आलं. औंढ्याच्या २६०० कोटींतले दोन कोटी तत्त्वज्ञांना दिले तर एक आकडा तरी अधिक अचूक येईल का? आइन्स्टाइनने ह्यूम वाचला, मान्य. तो व्हायोलिनही वाजवायचा, म्हणून आपण व्हायोलिनला भौतिकशास्त्र म्हणत नाही. आणि जगण्याचा अर्थ म्हणाल, तर हाताला काम, जवळ माणसं आणि रात्री झोप मिळाली की माणूस तो शोधत बसत नाही.

मांजराकाठ

व्हायोलिनचा मुद्दा चांगला आहे. फरक एवढाच की, सापेक्षतेच्या युक्तिवादातून व्हायोलिन काढून टाकता येतं. 'एकाच वेळी म्हणजे काय' हा प्रश्न काढला तर युक्तिवादच उरत नाही.

एकही प्रश्न सुटला नाही हे मला पटत नाही. तत्त्वज्ञानातला प्रश्न सुटण्याजोगा झाला की तो घर सोडतो आणि नवं नाव घेतो. न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच 'निसर्गाचं तत्त्वज्ञान' आहे. विचार करताना मन कोणत्या नियमांनी चालतं, या प्रश्नामागे जॉर्ज बूल लागला. त्याने १८५४ मध्ये जे मांडलं, ते 'खरं-खोटं' तुम्ही आज दिवसभर संगणकावर लिहिता. मागं उरतात ते न सुटलेले, आणि मग वाटतं की इथं काही सुटतच नाही.

किल्लारीकर (ता. औसा)

लिहू की नको असं चाललं होतं. सरांनी विचारलंय म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं. पहाटे चारच्या सुमाराला ते झालं. तीव्रता सहाच्या वर. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरातलीही गेली. मी शाळकरी होतो.

नंतर शास्त्रज्ञ आले, उपकरणं लागली. त्यांचं म्हणणं मी मोठेपणी नीट वाचलं. भारतीय भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेला सरकतो, हिमालयाला रेटतो. त्या रेट्याचा ताण आपल्या काळ्या पाषाणाखालच्या जुन्या खडकातही साठतो आणि कुठंतरी तो खडक तुटतो. या उत्तराचे माझ्यावर उपकार आहेत. कारण गावात तेव्हा वेगळीच कारणं फिरत होती. कुणाच्या तरी पापाचं फळ, कुठल्या तरी देवाचं राहिलेलं. माझी आजी कितीतरी वर्षं स्वतःला दोष देत होती, एक नवस फेडायचा राहिला होता म्हणून. भूपट्ट समजावून सांगितल्यावर तो दोष तिच्या डोक्यावरून हळूहळू उतरला. कोडवाला, इथपर्यंत मी पूर्ण तुमच्या बाजूचा आहे.

पण दोष गेला तरी आजीचा प्रश्न गेला नाही. जमीन का हलली, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. ती म्हणायची, माझंच लेकरू का? भूगर्भशास्त्रात याला जागाच नाही, आणि नसणं बरोबरही आहे. म्हणून काय तो प्रश्न निरर्थक ठरतो? तो तिचं सगळं आयुष्य व्यापून होता.

तिसरा एक 'का' आहे, तो मला कॉलेजात गेल्यावर सुचला. एवढी माणसं का गेली? आमची घरं दगड-मातीची, हातभर जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. कुडाच्या घरांत, झोपड्यांत राहणारे त्या मानाने वाचले. १९९२ मध्येच या भागात धक्के जाणवत होते. नकाशावर मात्र आम्ही सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, झोन एकमध्ये. इथं मोठा भूकंप झालेला नाही, म्हणून होणार नाही. सर, तुमच्या चार्वाकाचा तो सवाल आम्ही अंगावर घेतलाय. २००२ मध्ये मानकं बदलली, झोन एक हा पट्टाच काढून टाकला आणि आमचा भाग तीनमध्ये गेला.

पुढं पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या भूकंपाबद्दल वाचलं. १ नोव्हेंबर १७५५, तिथंही सणाचा दिवस, लोक चर्चमध्ये जमलेले. हे जग सर्वांत उत्तम आहे असं सांगणाऱ्या विचारवंतांना फ्रेंच लेखक व्होल्तेरने कवितेतून जाब विचारला. रूसोने त्याला १७५६ मध्ये पत्र लिहिलं, त्यातला मुद्दा असा की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथं काही निसर्गाने बांधून ठेवली नव्हती. त्याच वर्षी तरुण जर्मन तत्त्वज्ञ कान्टने देवाचा कोप बाजूला ठेवून भूकंपाची नैसर्गिक कारणं मांडायचा प्रयत्न केला. त्याचं स्पष्टीकरण आज टिकत नाही, पण प्रश्न त्याने वेगळा केला होता. एकाच आपत्तीचे तीन 'का', तिघांनी एकेक धरलेले. आमच्या अंगणात हे तिन्ही 'का' गुंतून पडले होते. ते सोडवायला मला अडीचशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसांनी मदत केली.

दुःख कमी झालं नाही. पण भिंतीसाठी इंजिनिअरकडे आणि सरकारकडे जायचं, देवाकडे नाही, हे पक्कं झालं. आणि आजीजवळ बसताना तिला भूपट्ट सांगायचे नाहीत, हेही.

गोदाकाठ (गंगाखेड)

किल्लारीकर दादा, दोनदा वाचलं. आमच्या जनाबाईने जात्यावर दळताना जे प्रश्न विचारले, ते याच घराण्यातले आहेत. यापुढं मला आज काही लिहवत नाही.

अतिदक्षता (छत्रपती संभाजीनगर)

कोडवाला यांनी विचारलंय की तत्त्वज्ञानाने आकडा अचूक होईल का. आमच्या विभागात आकडा अचूक असतो आणि प्रश्न तिथून पुढं सुरू होतो.

मेंदूला गंभीर मार लागलेला माणूस. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होतेय, मॉनिटरवर ठोके दिसतायत, हात गरम आहे. आम्ही मेंदूस्तंभाच्या, म्हणजे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या खालच्या भागाच्या चाचण्या करतो. बाहुल्यांवर प्रकाश टाकतो, कानात थंड पाणी सोडतो, शेवटी व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून स्वतःहून श्वास घ्यायची काही धडपड होते का, ते पाहतो. डॉक्टरांचं मंडळ असतं, आणि किमान सहा तासांनी सगळ्या चाचण्या पुन्हा. इथपर्यंत विज्ञान आहे आणि ते चोख आहे. आता बाहेर येऊन नातेवाईकांना काय सांगायचं? वडील म्हणतात, "मॅडम, हात गरम हाय की त्याचा."

मेंदूस्तंभ कायमचा बंद पडला, हे चाचणी सांगते. माणूस गेला, हे चाचणी सांगत नाही. ते आपण ठरवलंय. पूर्वी हृदय थांबलं की मृत्यू, यात वाद नव्हता, कारण श्वास, ठोके आणि मेंदू मागोमाग थांबायचे. व्हेंटिलेटर आला आणि ते एकमेकांपासून सुटले. १९६८ मध्ये हार्वर्डच्या एका समितीला मृत्यूचा नवा निकष मांडावा लागला. आपल्याकडे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभ मृत्यूला मान्यता दिली. यंत्र सुधारलं नसतं तर हा प्रश्नच आला नसता. विज्ञान पुढं गेलं की विचार करायचं काम कमी होतं, हे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. माझ्या कामात ते वाढलंय.

शरीर चालू आणि माणूस नाही, असं असू शकतं का? माणूस म्हणजे काय, आठवण, बोलणं, जाणीव, की ही ऊब? रात्री तीन वाजता त्या वडिलांना यातलं काहीही सांगायचं नसतं. पण मी स्वतः हे आधी नीट तपासलेलं नसेल, तर माझा आवाज कापतो आणि त्यांना वाटतं, डॉक्टरलाच खात्री नाही. मी चाचण्या त्यांच्यासमोर समजावते. अवयवदानाचं त्याच दमात कधी बोलत नाही. मधे वेळ जाऊ देते, मुलाबद्दल विचारते, तो काय करायचा, कुणावर गेला होता. काही जण त्या बोलण्यात स्वतःच 'होता' म्हणू लागतात. काही जण शेवटपर्यंत 'आहे' म्हणतात, आणि त्यांना मी दुरुस्त करत नाही.

नागसेनवन (छत्रपती संभाजीनगर)

डॉक्टर ताई, तुमचा प्रश्न आमच्या कॉलेजच्या नावातच आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, ते पुढं मिलिंद महाविद्यालय झालं आणि परिसर नागसेनवन. जुन्या बौद्ध ग्रंथातली गोष्ट आहे: राजा मिलिंदाला भिक्खू नागसेन विचारतो, रथातून आलास ना, मग रथ कुठला ते दाखव. आस म्हणजे रथ? चाकं म्हणजे रथ? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो, एवढंच उरतं. माणसाचंही तसंच, असं नागसेन सांगतो. शिकायला आलेल्या पहिल्या पिढीपुढं बाबासाहेबांनी हे नाव ठेवलं. राजालाही प्रश्न विचारता येतो आणि राजानेही उत्तर द्यायचं असतं.

मला एक कडवट गोष्टही मांडायची आहे. या धाग्यात तत्त्वज्ञानाबद्दल सगळे आपुलकीने बोलताहेत, पण आमच्या आजोबा-पणजोबांना त्यांच्या जगण्याचा 'अर्थ' कुणी कमी सांगितला नव्हता. मागच्या जन्माचं कर्म म्हणून हा जन्म. उत्तर तयार होतं, नीट रचलेलं होतं, त्यावर शास्त्रार्थही झाले होते. आजीच्या 'माझंच का'लाही तेच उत्तर देता आलं असतं, आणि ते क्रूर ठरलं असतं. म्हणून अर्थ मिळाला म्हणजे भलं झालं, असं मी मानत नाही. तो कुणी दिला, त्याने कुणाची सोय झाली, हे विचारायची ताकद देतं तेवढं तत्त्वज्ञान मला हवंय. परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, असं बुद्धाने कालाम नावाच्या लोकांना सांगितलं, ते मला सगळ्यांत जवळचं आहे.

बालाघाट (बीड)

समदं वाचायलोय मी. शिकलेल्यांच्या बोलण्यात पडावं का कळाना, पण माझाबी एक प्रश्न हाय.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. तवापासून जो तो म्हणायलाय, ऊस लावू नका. उसाला पाणी किती लागतंय ते शास्त्रज्ञ सांगतेत, बरोबर सांगतेत, मी नाही म्हणत नाही. पण उसाला दर तरी ठरलेला असतोय. सोयाबीन काढलं की भाव पडतोय, कापसाचं तेच. मग पाणी वाचवायचं म्हणून माझ्या लेकीचं शिक्षण थांबवू का? आणि पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, पिण्याचा, जनावराचा, रानाचा का कारखान्याचा? याचं माप कुठल्या मशीनमधी निघतंय ते सांगा.

मांजराकाठ

बापू, तुम्ही धाग्याचा गाभाच धरलात. आहे त्यावरून असावं काय हे आपोआप निघत नाही, हे ह्यूमने १७४० च्या सुमाराला लिहून ठेवलं. तुमच्याच विषयातला पुरावा देतो. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. पुढं तो बदलून शेती दुसरी आली. मधल्या काळात पाण्याचे गुणधर्म बदलले नव्हते, पावसाचं मोजमापही तेच होतं. बदललं ते आपण काय न्याय्य मानतो ते. ऊस लावू नका म्हणणाऱ्याने पाण्याचा हिशोब द्यावा, आणि त्याच बैठकीत तुमच्या लेकीच्या शिक्षणाचाही द्यावा. पहिला दिला म्हणजे दुसरा दिल्यासारखा होतो, हा गैरसमज फार महागात पडलाय आपल्या भागाला.

कोडवाला

सगळं वाचलं. एक शंका उरते. मृत्यूचा निकष डॉक्टरांच्या समितीने ठरवला, पाण्याचा क्रम मंत्रिमंडळाने, भूकंपाची मानकं इंजिनिअर लोकांनी. काम होतंय, पण ते करणारे तत्त्वज्ञ नाहीत. मग विद्यापीठातल्या वेगळ्या विभागाची गरज कुठं आली?

नागसेनवन

ठरवणारे तत्त्वज्ञ नाहीत, याच कारणाने ते प्रत्येकाला शिकवायला हवं. त्या समितीत उद्या माझी पोरगी असेल, किंवा त्या समितीने ठरवलेलं सोसणारी असेल. आणि शिकवणारं कुणीतरी तयार व्हायचं तर विभाग लागतोच.

पूर्णामाय (जि. हिंगोली)

मी नववीला शिकवते, औंढ्याहून फार लांब नाही. वर्गात काय चालतं ते सांगते.

नामदेवांची गोष्ट आमच्या मुलांना पाठ असते. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटण्याने एकेकाचं डोकं थापटून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पाय काढा म्हटल्यावर ते म्हणाले, देव जिथं नाही तिथं तूच ठेव. मी मुलांना म्हणाले, हा प्रश्न सोडवून दाखवा, जागा शोधा. दोन तास गेले आणि मुलं हटेनात. देव मोजता येत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी विसोबांच्या वाक्यातून काय निघतं आणि काय निघत नाही, यावर ती कडाडून भांडली.

नंतर वहीत एक पान आखायला सांगितलं: मला हे कसं कळलं? स्वतः पाहिलं, अनुमान केलं, की कुणी सांगितलं? बहुतेक सगळं तिसऱ्या रकान्यात गेलं. पृथ्वी गोल आहे हेसुद्धा. एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, नामदेवांसाठी देऊळ फिरलं हे सांगितलेलं, आणि लायगोने लहर पकडली हेही सांगितलेलंच. एकाला गोष्ट म्हणायचं आणि एकाला खरं म्हणायचं, कशावरून?"

मी तिला लायगोचा २०१० चा प्रसंग सांगितला. तेव्हा मोजक्या लोकांनी गुपचूप एक खोटा संकेत यंत्रात घातला. बाकीच्या शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने विश्लेषण केलं, शोधनिबंधाचा मसुदाही केला, आणि मग तो संकेत घातलेला होता हे उघड करण्यात आलं. सांगणारे नीट तपासतात का, हे तपासायला. मागच्या बाकावरचा पोरगा लगेच म्हणाला, "म्हणजे थापटणं." सगळ्या वर्गाला पटलं.

ती मुलगी मात्र बसली नाही. म्हणाली, "लायगोचं तपासता येतं, पण ते त्यांना येतं, मला नाही. मला तर विश्वासच ठेवायचाय. आणि देऊळ फिरल्याची गोष्ट तपासता येत नाही, पण कीर्तनातून ज्याला मागं हाकललं त्याच्याकडे देऊळ वळलं, हे मला आतून खरं वाटतं. ते कुठल्या रकान्यात लिहू?" रकाना मी अजून दिलेला नाही. इथल्या जाणत्यांनी सांगावं.

कोडवाला

पूर्णामाय ताई, पहिल्या भागाचं काम मी घेतो. २०१५ च्या त्या लहरीची मूळ मापनं लायगोने सगळ्यांसाठी खुली ठेवलीत. छोटा प्रोग्राम लिहून देतो, दोन्ही यंत्रांच्या रेघा मुलांना स्वतः काढता येतील आणि एकीवर एक सरकवून सात मिलिसेकंदांचा फरकही बघता येईल. शाळेत संगणक चालू आहे का?

पूर्णामाय

आहे. इंटरनेटचा भरवसा नाही, सगळं पेनड्राइव्हवर द्या. शनिवारी अर्धा दिवस असतो, तेव्हा स्वतःच या. आणि दादा, दुसऱ्या भागालाही तुम्हीच उत्तर द्यायचं आहे. ती मुलगी पहिल्या बाकावर बसते, तुम्ही रेघा काढून झाल्या की ती विचारेलच.